केशरी डे-लिली: लावण्याआधी तिची हद्द ठरवा

घर पडून नुसते जोते उरते, अंगणात तण माजते, तरी एका कोपऱ्यातली केशरी डे-लिली दर उन्हाळ्यात फुलत राहते. उत्तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात हे दृश्य इतके नेहमीचे आहे की रस्त्याकडेच्या चरांत उगवणारी लिली अशीच तिची ओळख झाली आहे. मूळची ती आशियातली. चीन, कोरिया, जपान हा तिचा मुलूख. तिथून युरोपात आणि युरोपातून अमेरिकेत ती बागांसाठी नेली गेली आणि मग बागांच्या कुंपणाबाहेर पडली. नवख्या माणसासाठी इतके निर्धास्त फुलझाड क्वचितच सापडेल. ती जगेल का, ही काळजी करू नका. ती कुठवर पसरू द्यायची, हे मात्र पहिला खड्डा खणण्याआधी ठरवा.

घरात मांजर असेल तर

हे सगळ्यात आधी सांगणे गरजेचे आहे. डे-लिली मांजरांसाठी अतिशय विषारी आहे. पान, फूल, अंगाला लागून चाटले गेलेले परागकण, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. सुरुवातीला उलट्या आणि मरगळ दिसते, नंतर थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. मांजराने झाड चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्या. घरात किंवा शेजारी मोकळी फिरणारी मांजरे असतील तर हे झाड लावू नका, असेच आमचे स्पष्ट मत आहे.

झाड ओळखून घ्या

लिली या एका नावाखाली बरीच वेगवेगळी झाडे विकली जातात. खरी लिली, म्हणजे लिलियम, खवलेदार कांद्यातून उगवते आणि तिच्या उभ्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत पाने असतात. डे-लिलीला कांदा नसतो. पट्ट्यासारखी लांब पाने जमिनीतूनच दोन्ही बाजूंना पंख्यासारखी उघडतात आणि त्यांच्या मधून जवळपास पाने नसलेला फुलदांडा ९० ते १२० सेंटीमीटर वर येतो. दांड्याच्या टोकाला फाटे फुटतात आणि त्यांवर साधारण १० ते २० कळ्या लागतात. फूल पिंगट केशरी, घसा पिवळा, त्याभोवती गडद तांबूस पट्टा आणि पाकळीच्या मधोमध फिकट रेघ. वास जवळजवळ नाहीच.

शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस फुल्वा. ग्रीक भाषेत हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. सकाळी उमललेले फूल त्याच रात्री मिटून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुढची कळी उमलते. एका दांड्याचा खेळ असा दोन-तीन आठवडे चालतो आणि जुन्या दाट गठ्ठ्यावर दांडे मागेपुढे येत असल्याने बहर महिनाभरही पुरतो.

आता झाडाचे चार भाग ओळखा, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यांच्यावरच आहेत. पानांचा एक पंखा म्हणजे एक फुटवा. पाने जिथे मुळांना मिळतात तो पांढरट, टणक भाग म्हणजे बुंधा. झाडाचा जीव तिथे असतो. बुंध्याखाली दोरीसारखी मुळे असतात आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी फुगीर गाठी असतात. त्या गाठी म्हणजे पाण्याचा आणि अन्नाचा साठा. आणि चौथा भाग म्हणजे धुमारे: जमिनीखालून आडवी धावणारी खोडे, जी मूळ झाडापासून वीतभर किंवा त्याहून दूर जाऊन नवा फुटवा वर काढतात.

बी धरत नाही, म्हणून मुळाने पसरते

बागांतून सर्वत्र पसरलेली केशरी डे-लिली ही बहुतेक ठिकाणी एकच वाण आहे. न्यूयॉर्क वनस्पती उद्यानातील आर्लो बर्डेट स्टाउट यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आणि तिला ‘युरोपा’ हे नाव दिले. साध्या डे-लिलीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. ‘युरोपा’त तीन संच, म्हणजे ३३. तीन संचांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे तिला बी धरत नाही. ‘क्वान्सो’ नावाच्या दुहेरी पाकळ्यांच्या वाणाचीही हीच गोष्ट आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की केशरी डे-लिलीचे बी म्हणून कोणी पाकीट देत असेल तर त्यातून हे झाड उगवणार नाही. रोप मुळासकटच आणावे लागते. आणि ज्या धुमाऱ्यांनी या झाडाने बियांची उणीव भरून काढली, तेच पुढे तुमच्या वाफ्याबाहेर निघतात.

रोप घेताना

एका जागी दोन ते तीन फुटव्यांचा गट लावा. एकच फुटवा लावला तरी जगतो, पण नीट फुलायला दोन वर्षे लागू शकतात. बुंधा अंगठा आणि बोटात धरून दाबा. तो टणक लागला पाहिजे. मऊ, तपकिरी, कुजका वास येणारा बुंधा घेऊ नका; मुळे कितीही छान दिसली तरी असे रोप वाचत नाही. उलट पाने सुकलेली असली आणि मुळांवरच्या गाठी भरलेल्या असल्या तर रोप चांगले समजा. पानांच्या मागच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ते रोप तिथेच सोडा.

जागा आणि माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन. त्याहून कमी ऊन मिळाले तर पाने हिरवीगार राहतील, पण दांडे कमी येतील आणि आले तेही उजेडाकडे झुकतील. फुले सूर्याकडे तोंड करून उमलतात, त्यामुळे वाफा अशा बाजूला करा की उन्हाकडून बघताना तो दिसेल. दुपारचे ऊन भाजणारे असेल तर दुपारनंतरची हलकी सावली चालते. मोठ्या झाडाच्या अगदी खोडाशी मात्र नको, तिथे झाडाची मुळे सगळे पाणी ओढून घेतात.

उताराची जागा या झाडाला उत्तम. मुळांचे दाट जाळे माती धरून ठेवते. जिथे दुसरे काही टिकत नाही आणि दरवर्षी माती वाहून जाते, तिथे हिला लावा.

हिवाळ्यात हे झाड पाने वाळवून पूर्ण विश्रांती घेते आणि ती विश्रांती त्याला हवी असते. जिथे हिवाळा उबदार असतो तिथे झाड जगते, पानेही भरपूर येतात, पण फुले कमी मिळतात. अशा हवामानात पाने न झडणाऱ्या संकरित डे-लिली जास्त समाधान देतील.

मातीबाबत ती फार चोखंदळ नाही. सामू (मातीचा पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान चांगला. पाणी साचणारी जागा तेवढी टाळा. निचरा तपासायला ३० सेंटीमीटर खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टीने पातळी मोजा. तासाभरात निदान अडीच सेंटीमीटर पाणी उतरले तर निचरा पुरेसा आहे. नाही उतरले तर आजूबाजूची माती ओढून १५ ते २० सेंटीमीटर उंच वाफा करा. चिकण मातीत नुसती वाळू मिसळायच्या फंदात पडू नका, त्याने माती आणखी घट्ट बसते. कुजलेले खत मिसळा.

खताचे प्रमाण: वाफ्यावर चांगल्या कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा ५ सेंटीमीटर जाडीचा थर पसरा आणि कुदळीने २५ ते ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत मातीत मिसळा. एका चौरस मीटरला हे साधारण ५० लिटर, म्हणजे १० लिटरच्या पाच बादल्या होतात. माती आधीच काळी, भुसभुशीत असेल तर निम्मे पुरे. ताजे शेण अजिबात नको.

लागवड

वसंतात, दहिवराचे, म्हणजे दव गोठण्याचे, दिवस संपल्यावर, किंवा शरदात, जमीन गोठायच्या निदान सहा आठवडे आधी लावा. ऐन कडक उन्हाळ्यात, विशेषतः दमट हवेत लावू नका. तुटलेल्या मुळांच्या ताज्या जखमा, गरम माती आणि रोजचे पाणी हे तीन एकत्र आले की बुंधा सडतो.

१. मातीशिवाय आलेली रोपे बादलीभर पाण्यात दोन ते चार तास भिजवा. दिवसेंदिवस पाण्यात ठेवू नका.

२. काळी, मऊ पडलेली मुळे धारदार कात्रीने कापा. पाने १५ ते २० सेंटीमीटर ठेवून वरचा भाग छाटा. मुळे अजून पाणी ओढत नसतात, अशा वेळी लांब पाने झाडाला सुकवतात.

३. खड्डा ३० सेंटीमीटर खोल, ४५ सेंटीमीटर रुंद. दोन खड्ड्यांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर. पहिल्या वर्षी जागा रिकामी वाटेल. वाटू द्या, तिसऱ्या वर्षी ती उरणार नाही.

४. खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा करा. त्यावर बुंधा बसवा आणि मुळे चारही बाजूंना उतरती पसरा. मुळांचा गोळा करून कोंबू नका.

५. बुंधा मातीच्या पातळीखाली अडीच सेंटीमीटर राहिला पाहिजे, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नाही. पानांच्या तळाशी पांढरा रंग संपून हिरवा सुरू होतो. आधी माती तिथपर्यंत होती. तीच खूण धरा.

६. अर्धा खड्डा भरल्यावर पाणी घाला, माती बसू द्या, मग उरलेला भरा. हाताने दाबा. पायाने तुडवू नका. शेवटी झाडामागे ८ ते १० लिटर पाणी द्या.

७. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. माती खचून बुंधा आत गेला असेल तर झाड हलकेच वर ओढून घ्या, उघडा पडला असेल तर माती चढवा.

पाचव्या पायरीत सर्वांत जास्त चुका होतात. बुंधा पाच-सात सेंटीमीटर खोल गेला तर झाड मरत नाही, पण वर्षानुवर्षे नुसती पाने देत राहते आणि माणूस खत बदलत बसतो.

लावणीच्या खड्ड्यात रासायनिक खत घालू नका. ताज्या मुळांना ते जाळते.

पाणी, आच्छादन, खत

पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाणी. त्यानंतर आठवड्यातून एकदा, पण भरपूर: एका चौरस मीटरला सुमारे २५ लिटर. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरवरच राहतात. पाणी बुंध्याजवळच्या मातीत द्या, पानांवर नको, आणि शक्यतो सकाळी. दुसऱ्या वर्षापासून मुळांच्या गाठींतला साठा झाडाला बरेच दिवस तगवतो. तरी दांडा निघाल्यापासून फुले संपेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नका, कारण ताण बसला की आधी कळ्या गळतात.

पालापाचोळा, वाळलेले गवत किंवा सालींचा भुसा ५ ते ७ सेंटीमीटर जाड पसरा, पण बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा.

खताची भूक बेताची. वसंतात नवी पाने हातभर झाली की एकदा कंपोस्टचा पातळ थर द्या. माती फारच निकृष्ट असेल तर नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेले ५:१०:१० सारखे खत एका चौरस मीटरला ५० ग्रॅम द्या. ते बुंध्यापासून दूर टाका आणि लगेच पाणी द्या. हिरवळीसाठी वापरतात तसले नत्रयुक्त खत इथे नको, त्याने पाने माजतात आणि फुले रुसतात.

बहरात आणि बहरानंतर

पहिल्या वर्षी एखादाच दांडा आला किंवा एकही आला नाही तरी झाड ठीक आहे. ते मुळे भरत असते.

मिटलेली फुले रोज खुडली तर वाफा देखणा राहतो. इतर डे-लिलींत बी धरून झाडाची शक्ती जाऊ नये म्हणूनही खुडतात. इथे बी धरतच नाही, त्यामुळे खुडणे केवळ दिसण्यासाठी. खुडताना शेजारच्या कोवळ्या कळ्या मोडणार नाहीत एवढे बघा. सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुंध्यापासून पाच सेंटीमीटरवर कापा. तो पिवळा पडून वाळला असेल तर ओढूनही सहज निघतो. हिरवा दांडा ओढू नका.

बहर संपल्यावर पाने पिवळी आणि विस्कटलेली दिसतात. हा रोग नाही, या झाडाची सवयच आहे. सगळी पाने १५ ते २० सेंटीमीटरवर छाटून एकदा भरपूर पाणी द्या, काही आठवड्यांत ताजी पाने येतात. डॅफोडिलसारखी वसंतात लवकर फुलणारी कंदफुले मधल्या जागेत लावली तर त्यांची वाळणारी पाने डे-लिलीच्या नव्या पानांआड झाकली जातात. नाजूक, सावकाश वाढणारी झाडे मात्र हिच्या शेजारी लावू नका.

पाने आहेत, फुले नाहीत

कारणे या क्रमाने तपासा. आधी उन्हाचे तास मोजा. झाड लावले तेव्हा ऊन होते, पण नंतर शेजारचे झाड वाढले, असे बऱ्याचदा होते. मग बुंध्याजवळची माती बोटाने उकरून खोली बघा. खोल असेल तर शरदात काढून योग्य पातळीवर पुन्हा लावा. तिसरे म्हणजे दाटी: गठ्ठ्याच्या मध्यभागी बारीक पाने आणि कडेला तेवढी फुले, असे दिसले की विभागणीची वेळ झाली. नत्र आणि उबदार हिवाळा यांचे वर आलेच आहे.

रोग आणि किडी

तांबेरा हा डे-लिलीचा सर्वांत कुप्रसिद्ध रोग. पक्सिनिया हेमेरोकॅलिडिस ही त्याची बुरशी. मूळची आशियातली ही बुरशी अमेरिकेत २००० साली प्रथम आढळली आणि रोपांच्या देवाणघेवाणीतून पसरली. पानाच्या मागे पिवळट-नारिंगी फोड येतात. पांढरा कागद पानावर घासून बघा. नारिंगी पूड उमटली तर तांबेरा नक्की. सगळी पाने जमिनीलगत कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. कात्री स्पिरिटने पुसा. ही बुरशी जिवंत पानांवरच तग धरते, म्हणून जिथे थंडीत पाने पूर्ण वाळतात तिथे तिची साखळी बहुधा तुटते.

पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळा पट्टा उतरत जाऊन तपकिरी होत असेल तर तो पानरेषा रोग. दिसायला वाईट, झाडाला फारसा धोका नाही. वाळलेली पाने काढा आणि पाने भिजवणे थांबवा.

आख्खा फुटवा अचानक पिवळा पडून हातात आला तर बुंधा सडला आहे. झाड उकरा, मऊ भाग निरोगी पांढऱ्यापर्यंत कापा, सावलीत दोन दिवस सुकू द्या आणि दुसऱ्या, निचऱ्याच्या जागी लावा.

मावा थंड हवेत कोवळ्या पानांच्या बेचक्यात येतो. पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. फुलकिड्यांमुळे कळ्या वाकड्या, खडबडीत होतात. कोरड्या गरमीत पाने फिकट ठिपक्यांनी भरली आणि मागे बारीक जाळी दिसली तर ते लाल कोळी. त्यांना ओलावा सोसत नाही, तेव्हा पानांच्या मागून पाणी मारा. गोगलगाई रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात. काही कळ्या आखूड आणि फुगलेल्या दिसल्या तर एक फोडून बघा. आत बारीक पांढरट अळ्या असतील तर तशा सगळ्या कळ्या तोडून नष्ट करा.

हद्द कशी राखायची

धुमारे बहुतेक वरच्या थरातून धावतात. वाफ्याभोवती ३० सेंटीमीटर खोल जाईल असा जाड प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा पट्टा पुरा आणि त्याचा पाच सेंटीमीटर भाग मातीच्या वर ठेवा, नाही तर धुमारा पट्ट्यावरून उडी मारतो. सांध्यात फट नको. पट्टा नको असेल तर दर वसंतात धारदार फावडे वाफ्याच्या कडेने उभे खुपसत जा आणि बाहेर निघालेले फुटवे धुमाऱ्यासकट उपसा. एखादे वर्ष चुकले तर पुढच्या वर्षी दुप्पट काम होते.

उपसलेला माल ओढ्याकाठी, मोकळ्या रानात किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका. धुमाऱ्याचा डोळा असलेला छोटा तुकडाही रुजतो. उत्तर अमेरिकेत रानात शिरलेली कित्येक बेटे अशा फेकलेल्या गठ्ठ्यांतूनच झाली आहेत. काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही आठवडे कडक उन्हात ठेवा आणि पूर्ण मेल्याची खात्री झाल्यावरच टाका.

पसरण्याची अजिबात भीती नको असेल तर कुंडी. ३५ सेंटीमीटर रुंद आणि तितकीच खोल, तळाला छिद्रे असलेली. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट. गरमीत जवळजवळ रोज पाणी लागेल आणि दर दोन-तीन वर्षांनी विभागणी करावी लागेल. कुंडी थेट मातीवर ठेवू नका, तळाच्या छिद्रांतून मुळे आणि धुमारे खाली उतरतात.

विभागणी

वाफ्यातला गठ्ठा दर चार-पाच वर्षांनी, बहर संपल्यावर किंवा वसंताच्या आरंभी फोडा. पाने २० सेंटीमीटर ठेवून छाटा. गठ्ठ्यापासून २० ते २५ सेंटीमीटर दूर चारही बाजूंनी फावडे मारून तो उचला. नळाच्या धारेने माती धुऊन काढा, कारण बुंधे दिसल्याशिवाय कुठे फोडायचे ते कळत नाही. फुटवे हाताने पुढेमागे पिळत सुटे करा. फारच गुंतले असतील तर दोन काटेफावडी पाठीला पाठ लावून खुपसा आणि दांडे एकमेकांपासून दूर ढकला. सुरीने कापावेच लागले तर दोन बुंध्यांच्या मधून कापा आणि जखम सावलीत एक दिवस वाळू द्या. दोन-तीन फुटव्यांचे गट करून वरच्याच पायऱ्यांनी लावा. मधले जुने, पोकळ झालेले बुंधे ठेवू नका. उरलेली रोपे कोणाला देणार असाल तर ती किती पसरतात आणि मांजरांना किती घातक आहेत, हे रोपाबरोबरच सांगा.